एका हातात खून, दुसऱ्या हातात बिस्कीट

ठाण्यात डिसेंबरचा शेवटचा आठवडा खाण्यापिण्याच्या हिशेबात जरा रिकामाच असतो. दिवाळीच्या फराळाचे डबे घासून माळ्यावर गेलेले असतात आणि संक्रांतीचे तीळ अजून वाण्याकडेच असतात. थंडी म्हणावी तर पंखा एकवर आणण्यापुरती. शाळांना नाताळची सुट्टी, ऑफिसात अर्धी माणसं रजेवर. या आठवड्यात एखादी हलकीफुलकी नाताळी रहस्यकथा वाचायची आणि तिच्या जोडीला घरी बिस्किटं भाजायची, हा बेत पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. ओव्हन नवा असला तरी चालेल, रहस्यकथा शाळेनंतर हातात धरली नसली तरी चालेल.

पुस्तकाची आणि बिस्किटाची जोडी लावायची म्हणजे चवीला चव जुळवायची असं बहुतेकांना वाटतं. बर्फाळ गावातलं पुस्तक म्हणून आल्याचं बिस्कीट, वगैरे. तेवढं करावंच, त्यात गंमत आहे. पण बेत खरा जमतो किंवा फसतो तो वेळेवर आणि हातावर. पीठ तासभर फ्रिजमध्ये पडून असतं तेव्हा तुम्ही वाचत असता, आणि वाचताना तुमचा एकच हात मोकळा असतो. या दोन गोष्टी धरून पुस्तक निवडा, बिस्कीट निवडा. बाकीचं आपोआप जुळत जातं.

आधी पुस्तक

ज्याला कोझी मिस्टरी म्हणतात त्या प्रकारात खून होतो, पण पानावर रक्त सांडत नाही. गाव लहान असतं, सगळे सगळ्यांना ओळखतात. शोध घेणारी व्यक्ती पोलीस नसते: बेकरीवाली, ग्रंथपाल, निवृत्त शिक्षिका, कुणाची तरी चौकस आत्या. शवविच्छेदनाची वर्णनं नाहीत, शिव्यागाळी नाही, आणि शेवटी गुन्हेगार सापडतो म्हणजे सापडतोच. या शेवटच्या हमीमुळेच ही पुस्तकं खातखात वाचता येतात. रक्तबंबाळ नॉर्डिक कादंबरीबरोबर कुणाच्याही घशाखाली बिस्कीट उतरणार नाही.

पहिल्यांदा करताना अडीचशे-तीनशे पानांच्या वर जाऊ नका. त्याहून बरं म्हणजे कथासंग्रह घ्या. अॅगाथा ख्रिस्तीचा ‘द अॅडव्हेंचर ऑफ द ख्रिसमस पुडिंग’ हा १९६० सालचा संग्रह या बेतासाठीच लिहिलाय की काय असं वाटतं. प्रस्तावनेत बाई स्वतःला आचारी म्हणवून घेतात आणि आतल्या सहा कथांची मांडणी जेवणाच्या पानासारखी करून दाखवतात: दोन कथा मुख्य पदार्थ, तीन त्याआधीच्या, एक तोंड गोड करण्यापुरती. शीर्षककथेत एका राजपुत्राचं चोरीला गेलेलं माणिक शोधायला ख्रिस्तीबाईंचा गुप्तहेर पॉयरो इंग्लंडमधल्या खेड्यातल्या जुन्या वाड्यात नाताळ साजरा करायला जातो. एक कथा, एक घाणा. नवशिक्यांना याहून सोपं गणित नाही.

त्यांचीच ‘हर्क्युल पॉयरोज ख्रिसमस’ ही १९३८ची कादंबरी मात्र नावावर जाऊन घेऊ नका. आपल्या रहस्यकथांतले खून फारच सभ्य होत चाललेत अशी मेहुण्यांनी तक्रार केली म्हणून ख्रिस्तीबाईंनी ही मुद्दाम भरपूर रक्ताची लिहिली, आणि तसं अर्पणपत्रिकेतच सांगून टाकलं. पुस्तक उत्तम आहे, फक्त मऊ मनाच्या वाचकाने पहिलंच म्हणून उचलू नये. ज्यांना चालतं त्यांच्यासाठी यात एक मजा आहे. कादंबरीचे सात भाग २२ ते २८ डिसेंबर या तारखांचे आहेत, त्यामुळे ज्या तारखेचा भाग त्याच दिवशी वाचता येतो. २२ला पीठ करून ठेवा, २३ला भाजा. २४च्या भागात खून होतो आणि तो भाग लांबलचक आहे, त्या दिवशी ओव्हनच्या वाटेला जाऊ नका, आदल्या दिवशीचा डबा उघडा.

बर्फ हवाच असेल तर जे. जेफरसन फार्जन यांची ‘मिस्टरी इन व्हाइट’ बघा. १९३७ची कादंबरी, बरीच वर्षं विस्मरणात गेलेली. ब्रिटिश लायब्ररीने २०१४मध्ये ती पुन्हा छापली आणि तिकडे ती धो-धो खपली. नाताळच्या आदल्या दिवशी बर्फात आगगाडी अडकते, काही प्रवासी उतरून चालू लागतात आणि एका घरात शिरतात. घरात शेकोटी पेटलेली, चहाचं टेबल मांडलेलं, आधणाला उकळी आलेली, आणि माणूस एकही नाही. आपला चहा आधी करून मगच हे प्रकरण वाचायला घ्या, नाहीतर मध्येच उठावं लागतं.

खाण्यावरून पुस्तक निवडायचं तर अमेरिकेतल्या बेकरीवाल्या मालिका आहेत. जोआन फ्लूक यांची ‘चॉकलेट चिप कुकी मर्डर’ २००० साली आली. मिनेसोटातलं लेक ईडन हे काल्पनिक गाव, तिथे हॅना स्वेनसन ही बेकरीवाली, आणि पुस्तकातच कुकीजच्या पाककृती. साहित्य म्हणून फार अपेक्षा ठेवू नका. खुनी कोण हे सराईत वाचक बराच आधी ओळखतो. पण पाककृती खऱ्या आहेत, करून बघता येतात. त्यांची मापं कशी बदलायची ते पुढे सांगते.

मराठीतच वाचायचं असेल तर माझं मत फेलूदाला. सत्यजित राय यांच्या या बंगाली गुप्तहेराच्या कथा अशोक जैन यांनी मराठीत आणल्या आहेत. नाताळशी थेट संबंध नाही, पण त्यांतल्या कितीतरी कथा बंगालीत दुर्गापूजेच्या विशेषांकांतून आल्या, म्हणजे आपल्या दिवाळी अंकांसारख्याच सणाच्या वाचनासाठी लिहिलेल्या. गोष्टी सुट्टीच्या, प्रवासाच्या, मुलांसमोर मोठ्याने वाचता येतील अशा. आणि फेलूदा चहाबरोबर डालमूठ खाणारा माणूस आहे, त्यामुळे त्याच्यासोबत गोड बिस्कीट मला पटत नाही. जिरं-ओव्याची खारी बिस्किटं करा.

पुस्तक विकतच घ्यायला हवं असं नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे. तिथे किंवा तुमच्या भागातल्या वाचनालयात सभासद व्हा, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच पुस्तक आणून ठेवा. सुट्टी लागली की चांगल्या रहस्यकथा कपाटावरून पळतात. वाचनालयाचं पुस्तक असेल तर बिस्किटाची निवड त्यावर ठरेल, ते आता बघू.

बिस्कीट कसं हवं

दोन घासांत संपणारं. कोरडं. वरून आयसिंग नाही, जॅम नाही, वितळणारं चॉकलेट नाही. नाताळच्या चित्रांत दिसणारी रंगीत साखरेने मढवलेली बिस्किटं दिसायला छान, पण त्यांचा रंग आधी बोटाला आणि मग पानाला लागतो. चॉकलेट चिप कुकी गरम असताना सगळ्यात चविष्ट असते आणि तेव्हाच तिचे चॉकलेटचे तुकडे पातळ असतात. स्वतःचं पुस्तक असेल तर तुमची मर्जी. वाचनालयाच्या पुस्तकाबरोबर ती पूर्ण गार होईपर्यंत खाऊ नका, किंवा सरळ दुसरं काही करा.

इंग्लंडच्या गारठलेल्या वाड्यातल्या कथेला सुंठ-दालचिनीचं बिस्कीट. चहाच्या प्रसंगांनी भरलेल्या पुस्तकाला शॉर्टब्रेड, किंवा त्याच कुळातली आपली नानकटाई: पीठ, साखर, स्निग्ध पदार्थ, बस्स. फक्त लोण्याच्या जागी तूप. फेलूदाला खारी बिस्किटं सांगितलीच. पुस्तक भारतीय गिरिस्थानावरचं असेल तर मी नारळाची बिस्किटं करते, कारण मला आवडतात. याला दुसरं कारण नाही.

अमेरिकन मापांचं भाषांतर

पुस्तकातली किंवा नेटवरची अमेरिकन पाककृती घेतली की तीन ठिकाणी अडायला होतं. ओव्हनचे आकडे फॅरनहाइटमध्ये असतात: ३५० म्हणजे आपल्या ओव्हनवर १७५ ते १८०, ३७५ म्हणजे १९०. लोण्याची एक ‘स्टिक’ म्हणजे ११३ ग्रॅम. आणि कप म्हणजे साधारण २४० मिलिलिटर, आपली आमटीची वाटी नव्हे. एक कप मैदा सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, एक कप साखर दोनशे ग्रॅम. पण मैदा दाबून भरला की तोच कप दीडशेवर जातो आणि बिस्किटं दगड होतात, म्हणून पाच-सातशे रुपयांचा डिजिटल वजनकाटा घ्या. साचे, रंगीत कागद, सिलिकॉनच्या चटया यांच्या आधी काटा.

साखरेचं प्रमाणही या पाककृतींत आपल्या जिभेला जास्त वाटतं. पंधरा-वीस टक्के कमी केली तर काही बिघडत नाही. त्याहून कमी केली तर बिस्कीट पसरत नाही आणि खुसखुशीत होत नाही, कारण साखर गोडीपलीकडेही काम करत असते.

सामान

मैदा, पिठीसाखर, सोडा घरात असतोच. बाकीसाठी ठाणेकरांनी जांभळी नाक्याला एक फेरी मारावी. वाशीकडच्यांना एपीएमसीचं मसाला मार्केट जवळ आहे, सुकामेवा आणि दालचिनी-लवंगा तिथे ताज्या आणि स्वस्त मिळतात, फक्त किरकोळ देतात का ते आधी विचारून घ्या. सुंठ अख्खी घेऊन घरी कुटली तर वास वेगळाच येतो. वर्षभर पडलेल्या सुंठपुडीत काही राम नसतो.

लोण्याबद्दल थोडं सविस्तर. नेहमीचं पिवळं पाकिटातलं लोणी खारं असतं. बेकिंगसाठी बिनमिठाचं पाकीट वेगळं मिळतं, ते बघून घ्या. खारंच वापरायचं झालं तर पाककृतीतलं मीठ वगळा. घरचं सायीचं लोणी मात्र बिस्किटांना नको. त्यात पाणी जास्त असतं, किंचित आंबूसपणा असतो, बिस्कीट मऊ पडतं. त्याचं तूप कढवा आणि ते नानकटाईला वापरा.

पाककृतींत ‘रूम टेम्परेचरचं लोणी’ लिहिलेलं असतं ते थंड देशातल्या खोलीचं, म्हणजे साधारण वीस अंशांचं. ठाण्यात भर डिसेंबरातही दुपारी तीसच्या आसपास असतं. लोणी तासभर बाहेर ठेवलं तर ते मऊ होत नाही, चमकायला आणि सुटायला लागतं. अशा लोण्याची बिस्किटं ओव्हनमध्ये पसरून एकमेकांना चिकटतात. इथे वीस-पंचवीस मिनिटं पुरे. बोटाने दाबल्यावर खळगा पडावा, बोट आत जाऊ नये.

सुंठ-काकवीची बिस्किटं

विलायती कृतीत इथे मोलॅसिस किंवा गोल्डन सिरप असतं. त्याऐवजी काकवी घ्या. चव मोलॅसिसच्या जवळ जाते आणि माझ्या मते जास्त चांगली लागते. काकवी किंचित आंबट असते, त्यामुळे सोड्यालाही काम मिळतं. अंडं नाही.

१७५ ग्रॅम मैदा, ७५ ग्रॅम लोणी, ८० ग्रॅम गूळ पावडर, २ टेबलस्पून काकवी, दीड टीस्पून सुंठपूड, अर्धा टीस्पून दालचिनीपूड, चिमूटभर लवंगपूड, अर्धा टीस्पून सोडा, चिमूटभर मीठ आणि लागेल तसं दूध, फार तर चमचा-दोन चमचे. यात पंचवीसेक लहान बिस्किटं होतात.

लोणी आणि गूळ पावडर लाकडी चमच्याने फेटा. रंग थोडा फिका झाला की पुरे, केकसारखं फुलवायचं नाही. काकवी घाला. मैदा, सोडा, मीठ आणि मसाले एकत्र चाळून त्यात मिसळा. आता पोळीच्या कणकेसारखं मळायला जाल तर थांबा. मळलं की मैद्यातला चिवटपणा जागा होतो आणि बिस्कीट खुटखुटीत होण्याऐवजी वातड होतं. गोळा कोरडा राहत असेल तर चमचाभर दूध शिंपडून नुसतं गोळा करा. चपटी चकती थापा, झाकून फ्रिजमध्ये ठेवा.

हा पहिला वाचनाचा तास. पीठ फ्रिजमध्ये पूर्ण तासभर राहू दे, आपल्या हवेत अर्ध्या तासाने भागत नाही. तेवढ्यात तीसेक पानं आरामात होतात, म्हणजे पात्रांची ओळख संपते. इंग्रजी रहस्यकथांत सुरुवातीला नावांची गर्दी असते. एका कागदावर कोण कुणाचा कोण ते लिहून ठेवा, पुढे मागची पानं चाळावी लागत नाहीत. पीठ लागलेल्या हाताने मागची पानं चाळणं हा या छंदातला मोठा धोका आहे.

तासाने चकती दोन बटर पेपरच्या मध्ये ठेवून लाटा, जाडी पुरीपेक्षा जरा जास्त, चार-पाच मिलिमीटर. गोल झाकणाने कापा. चांदण्या, झाडं, माणसं हे साचे पुढच्या वेळी. टोकदार आकारांची टोकं आधी करपतात. कापलेली बिस्किटं ट्रेसकट पुन्हा दहा मिनिटं फ्रिजमध्ये, तेवढ्यात ओव्हन १७५वर तापवायला लावा. ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) असेल तर वरखालचे दोन्ही रॉड, ट्रे मधल्या खणात. हे ओव्हन बाराशे ते सोळाशे वॉट ओढतात, म्हणून मोठ्या पॉवर प्लगलाच लावा, एक्स्टेन्शन कॉर्डवर नको.

सगळा घाणा एकदम घालण्याआधी दोनच बिस्किटं भाजून बघा. प्रत्येक ओव्हन वेगळा, आणि नव्या ओव्हनचा आकडा खरा सांगतो की नाही हे या दोन बिस्किटांवरून कळतं. दहा ते बारा मिनिटांत कडा गडद होतात आणि मधला भाग दाबला तर अजून मऊ असतो. तेव्हाच काढा. कडक होईपर्यंत आत ठेवलीत तर गार झाल्यावर दात पडतील, कारण तापलेल्या ट्रेवर ती बाहेर आल्यावरही शिजत राहतात. पाच मिनिटांनी जाळीवर काढा. जाळी नसेल तर पिठाची चाळणी उपडी घाला.

भाजताना वाचायचं नाही. निदान रहस्य रंगात आल्यावर तरी नाही. बारा मिनिटांत एक छोटं प्रकरण होतं, पण रहस्यकथेचं प्रकरण अशा जागी संपवलेलं असतं की पुढचं उघडल्याशिवाय राहवत नाही, लेखकाचा धंदाच तो. मोबाईलवर गजर लावा, आणि फोन स्वयंपाकघरात ठेवा म्हणजे तो बंद करायला उठावंच लागेल. शेवटची पन्नास पानं तर ओव्हन बंद, पंखा चालू आणि डबा शेजारी असेल तेव्हाच उघडायची.

नानकटाई

दिवाळीच्या आधी मैदा, साखर, तूप डब्यात घालून बेकरीत द्यायचं आणि संध्याकाळी पत्र्याचा डबा भरून नानकटाई आणायची, हे ज्यांनी लहानपणी पाहिलंय त्यांना चव माहीत आहे. घरी करायला ही सगळ्यात सोपी, फ्रिजचीही फार गरज नाही. १३० ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम बेसन, २० ग्रॅम बारीक रवा, ९० ग्रॅम पिठीसाखर, १०० ग्रॅम थिजलेलं साजूक तूप, चिमूटभर सोडा, वेलची, जायफळ. तूप आणि साखर हलकी होईपर्यंत फेटून पिठं मिसळायची, लाडू वळून चपटे करायचे, १६५ अंशांवर अठरा-वीस मिनिटं. तूप वितळलेलं असेल तर नानकटाई पसरून चपटी पोळी होते. वर तडे गेले पाहिजेत. जास्त वेळ भाजतात म्हणून एका घाण्यात चांगलं लांब प्रकरण होतं, आणि तूप असल्यामुळे थोडं इकडेतिकडे झालं तरी निभावतं. पण चुरा फार पडतो. मांडीवर ताटली घेऊनच खा.

ओव्हन नसेल तर

जाड बुडाची कढई घ्या, तळाला मीठ पसरा, वर स्टँड, त्यावर ताटलीत बिस्किटं, वरून घट्ट झाकण. आधी दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवून घ्या, मग मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. नानकटाई यात छान होते, सुंठेची बिस्किटं खालून आधी लाल होतात तेव्हा लक्ष ठेवा. कुकरमध्ये करणार असाल तर शिट्टी आणि रबर दोन्ही काढून. साध्या मायक्रोवेव्हमध्ये बिस्किटं भाजली जात नाहीत, कन्व्हेक्शनची सोय असेल तरच. आणि ओळखीच्या बेकरीत भट्टी असेल तर विचारून बघायला हरकत नाही, नाही म्हणाले तर नाही.

डबा आणि पान

बिस्किटं पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, आतल्या वाफेने सादळतात. खाडीकाठच्या हवेत, ऐरोली-वाशीपासून कळव्यापर्यंत, उघडी राहिलेली बिस्किटं एका संध्याकाळीत मऊ पडतात. सादळलीच तर १५० अंशांवर पाच मिनिटं ठेवून गार करा, पुन्हा कुरकुरीत होतात. वाचताना डबा हाताशी ठेवू नका. चार बिस्किटं ताटलीत काढायची आणि डबा स्वयंपाकघरात, नाहीतर खुनी सापडण्याआधी डबा संपतो.

शेजारी ओला रुमाल हवा. तुपाचा डाग पानावरून जात नाही. पानांच्या घडीत चुरा राहिला तर झुरळं येतात, म्हणून पुस्तक मिटण्याआधी उलटं धरून झटका.

चौघी-पाचजणांनी मिळून करायचं असेल तर सगळ्यांनी एकच पुस्तक वाचायचं आणि ठरलेल्या पानावर थांबायचं. २५ तारखेला सोसायटीत कुणाच्याही घरी जमा, प्रत्येकाने आपला संशयित चिठ्ठीवर लिहून रिकाम्या डब्यात टाकायचा, आणि मगच पुढची पानं. ज्याने पुस्तक आधीच वाचलंय त्याला भाजायच्या कामाला लावा. तो ओव्हनजवळ असला की त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही.

पीठ उरलं तर सुरळी करून, बटर पेपरमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये टाका, महिनाभर टिकतं. हवी तेव्हा सुरीने चकत्या कापून थेट ओव्हनमध्ये, फक्त दोन मिनिटं जास्त द्या. सुरळीवर नाव आणि तारीख लिहा, नाहीतर आल्याची म्हणून मसाल्याची काढाल.